अंदमानला पहिल्यांदाच जातोय – बेत तपासून द्या

निळी_छत्री

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकचे. घरातली पाच माणसं: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, सासरे (७२) आणि सासूबाई (६८). भाऊबीज उरकली की दोन-तीन दिवसांनी अंदमान, असं घाटतंय. आजवर समुद्र म्हणजे हर्णे-मुरुड आणि गोवा. बोटीतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं, हे घरात कुणीच केलेलं नाही.

नानांना (सासरे) सेल्युलर जेल बघायचंय, बाकी कुठेही न्या म्हणतात. नवऱ्याला स्कूबा. लेकीला 'नेमो' (सिनेमातला तो केशरी मासा) दिसला पाहिजे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. आणि मला कुणी विचारलं नाहीये, पण मला दोन दिवस नुसतं वाळूत बसायचंय.

एका टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम:

पहिला दिवस: सकाळी विमानाने पोर्ट ब्लेअर, दुपारी कॉर्बिन्स कोव्ह, मग जेल, मग लाइट अँड साउंड शो
दुसरा: रॉस आणि नॉर्थ बे
तिसरा: बाराटांग
चौथा: बोटीने हॅवलॉक बेट, राधानगर किनारा
पाचवा: सकाळी एलिफंट बीच, दुपारच्या बोटीने नील बेट
सहावा: नील फिरून संध्याकाळच्या बोटीने परत
सातवा: परतीचं विमान

हे जमण्यासारखं आहे का? काय काढू, काय ठेवू? पॅकेज घ्यावं की आपलं आपण बुकिंग करावं?

उंडगा_भाऊ

बाराटांग काढा. बाकीचं नंतर बोलू.

रानवारा

हा कार्यक्रम करणाऱ्याने घड्याळ बघितलंय, सूर्य बघितलेला नाही. अंदमान साधारण ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नाशिक ७४ च्या जरा अलीकडे. घड्याळ दोन्हीकडे एकच. म्हणजे तिकडे सूर्य तुमच्यापेक्षा जवळजवळ सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त, साडेपाचला चांगला काळोख.

आता पाचवा दिवस परत वाचा. एलिफंट बीचवरून ओल्या कपड्यांनी धावत यायचं, सामान भरायचं, धक्क्यावर रांग लावायची, आणि नीलला उतरून हॉटेलात पोचेपर्यंत अंधार. सहाव्या दिवशी सकाळी उठून फिरायचं आणि दुपारी परत धक्क्यावर. नीलवर तुम्ही राहिलात असं फक्त बिलावर दिसेल.

तिकडे दिवस पहाटे पाचला सुरू होतो असं धरूनच आखणी करा. नाना लवकर उठणारे असतील तर त्यांची चंगळ आहे.

निळी_छत्री

नाना चारला उठतात आणि सगळ्यांना उठवतात. :)

भाऊ, बाराटांग का काढायचं? टूरवाला म्हणाला तेच 'खरं अंदमान' आहे.

उंडगा_भाऊ

दोन कारणं. सोपं आधी.

पहाटे तीन-चारला पोर्ट ब्लेअर सोडायचं. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग, तिथून ताफ्याने जंगलातून जायचं, मग खाडी ओलांडायची, मग स्पीड बोटीने खारफुटीतून आत, मग पायी चालत चुनखडीची गुहा. ती बघून हेच सगळं उलट. खारफुटीतला बोटीचा तुकडा सुंदर आहे, वाद नाही. पण दुखऱ्या गुडघ्यांना एवढ्यासाठी सबंध दिवस गाडीत कोंबायचं?

दुसरं कारण म्हणजे तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. १९९७-९८ पर्यंत हे लोक बाहेरच्यांपासून लांबच राहत होते. ते बाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. राखीव क्षेत्रातला रस्ता बंद करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता, तरी रस्ता चालूच आहे. गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही असे नियम आहेत. पण गाडीतल्या निम्म्या लोकांच्या माना कशासाठी वळलेल्या असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला तो प्रकार बघवत नाही.

तिरकस

मग तिथल्या टॅक्सीवाल्यांनी आणि नावाड्यांनी खायचं काय? आपण एसीत बसून नैतिकता शिकवायची. रस्ता कायद्याने चालू आहे, मधल्या आणि उत्तर अंदमानातल्या लोकांची ती गरज आहे. नियम पाळून गेलं तर काय बिघडलं?

उंडगा_भाऊ

तिथल्या लोकांची गरज आहे हे मान्य. आजारी माणूस त्या रस्त्याने पोर्ट ब्लेअरला येतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझी गरज नाही, म्हणून मी जात नाही, एवढंच. ज्याला जायचं त्याने जावं, पण 'आदिवासी दिसतील का हो' असं विचारणाऱ्या गाडीत बसू नये.

सुलेखा७१

भाऊंना अनुमोदन. आणि त्या दिवसाने नीलची एक रात्र वाढते, हा रोख फायदा!

वाटसरू_डोंबिवली

मला वेगळीच शंका आहे. दिवाळीनंतर जावं की मे महिन्यात? मे मध्ये मुलांना भरपूर सुट्टी असते.

रानवारा

दरवर्षी मे च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी वाचून आपण इकडे खूश होतो की नाही? त्या बातमीच्या दिवशी तिथे सुट्टीवर असलेल्या माणसाचा विचार करा. मे च्या पहिल्या आठवड्यात जाऊन आलात तर ठीक, उकाडा सोसायचा. पुढे बेभरवशाचं. त्यातच बंगालच्या उपसागरातली वादळं मे मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो तिथे.

सगळ्यात शांत समुद्र जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. पण तेव्हा शाळा असते. शाळेचं वेळापत्रक आणि समुद्राचं वेळापत्रक कधी जुळत नाही, त्यामुळे दिवाळीनंतरचा काळ हा त्यातल्या त्यात बरा सौदा. फक्त एक दिवस हातचा ठेवून जा. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक-नीलवर चौदाशेहून जास्त पर्यटक अडकले होते, शेवटी नौदलाच्या जहाजांनी त्यांना आणलं. घाबरवण्यासाठी नाही सांगत, पण परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच हवा. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान गाठू, ही हुशारी नको.

सुलेखा७१

बोटींविषयी. सरकारी बोटी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात. स्वस्त असतात, हॅवलॉकला अडीच तासांच्या आसपास लागतात, पण बेटावरच्या लोकांचा तो रोजचा प्रवास आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत तिकीट मिळणं अवघड. खाजगी बोटी (मॅक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे) दीड-दोन तासांत नेतात, माणशी हजार-दीड हजारापासून वर, वर्गाप्रमाणे. तिकिटं आधी, हॉटेलं नंतर. लोक उलटं करतात आणि मग बोट नाही म्हणून हॉटेल बुडतं.

काही बोटींत बाहेर डेकवर उभं राहता येतं, काहींत सगळा प्रवास बंद काचेआड. ज्यांना बोट लागते त्यांनी हे आधी विचारून घ्यावं. जागा मधली किंवा मागची, खालच्या मजल्यावरची घ्या. पुढच्या बाजूला हेलकावे जास्त बसतात. पोट तुडुंब नको आणि रिकामंही नको.

डॉ_घाटमाथा

बोट लागू नये म्हणून सगळे सर्रास अ‍ॅव्होमिन सुचवतात. प्रवासाच्या अर्धा-एक तास आधी घेतली तर चालते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो. पण सत्तरीच्या माणसांना त्याने भयंकर झोप येते, तोल जातो, आणि प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर ती चालत नाही. नाना-आईंसाठी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. हॅवलॉकला आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच.

स्कूबाबद्दल: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठीचा डाइव्ह दहा वर्षांपुढे. म्हणजे लेकीला यंदा नाही, कुणी 'चालतंय' म्हणाला तरी नाही. तिला लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग करता येईल. नवऱ्याने आरोग्याचा फॉर्म खरा भरावा. दमा, कानाचं ऑपरेशन, रक्तदाब लपवायचा नाही. आणि डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको.

निळी_छत्री

डॉक्टर, खूप आभार. लेक हिरमुसली आहे, पण नीलवरच्या भारतपूर किनाऱ्याला काचेच्या तळाची बोट असते म्हटल्यावर जरा निवळली.

तिरकस

नॉर्थ बे ठेवायचं असेल तर जुनी लाल वीस रुपयांची नोट घेऊन जा. मागच्या बाजूचं चित्र तिथलंच आहे. त्यापलीकडे मला त्या गर्दीत काही सापडलं नाही.

खाडीकाठचा

सगळे बोटीवरच बोलतायत, पाण्यावर कोणीच नाही.

आमच्या मालवणात तिथी सांगितली की भरतीची वेळ तोंडावर असते: तिथीची पाऊणपट. तो हिशेब अंदमानात चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येला तिथे भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला आणि ओहोटी दुपारी तीन-चारला. पुढे रोज पाऊण-एक तास उशिरा. याचा तुमच्याशी संबंध असा:

हॅवलॉकची बहुतेक रिसॉर्टं तीन आणि पाच नंबरच्या किनाऱ्यावर, म्हणजे पूर्वेच्या बाजूला. फोटोत निळंशार पाणी. पण ओहोटीला ते पाणी पार लांब जातं आणि मधे राहतो तो खडक आणि शेवाळ. तिथे पोहता येत नाही. उगाच रिसॉर्टवाल्याशी भांडू नका. पोहायला राधानगर, ते पश्चिमेला आहे, धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटर. वाळू मऊ, उतार हळू, बसायला झाडांची सावली. छत्रीताईंनी तिथेच बसावं. जाळी लावलेल्या भागातच उतरायचं आणि जीवरक्षकाने शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर. खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात तिथे, २०१० मध्ये राधानगरच्या जवळ एका अमेरिकन पर्यटक बाईचा जीव गेलेला आहे.

नीलवरचा नैसर्गिक पूल (दगडी कमान) फक्त ओहोटीला बघायचा. पाणी ओसरल्यावर खडकांतल्या डबक्यांमध्ये काय काय दिसतं ते कमानीपेक्षा भारी: समुद्री काकडी, खेकडे, पोपटी-निळे चिमुकले मासे, पाय टाकाल तिथे पोवळी. स्थानिक वाटाड्या घ्या, तो बोटाने दाखवतो. लेकीचा नेमो कदाचित तिथेच भेटेल. खडक निसरडे, सासूबाईंना नेऊ नका, रबरी सोलचे सँडल घाला.

तुम्ही भाऊबीजेनंतर दोन-तीन दिवसांनी निघालात तर नीलला पोचाल अष्टमी-नवमीला. तेव्हा भांग (कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) असतं, पाणी फार लांब हटत नाही, आणि ओहोटी सकाळच्या प्रहरात. तेव्हा सकाळी हॉटेलात विचारून मगच निघा.

रानवारा

जबरी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

वाटसरू_डोंबिवली

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

जुना_वाचक

नानांसाठी लिहितो आहे.

कॉर्बिन्स कोव्हला पाय भिजवून, घाईघाईत तासाभरात जेल आणि मग शो, असं करू नका. जेलसाठी सकाळ ठेवा आणि शोसाठी संध्याकाळ. मधे हॉटेलवर येऊन झोपा.

१८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं ते बांधकाम चाललं. मधल्या बुरुजापासून सात बाजूंना सात इमारती, चाकाच्या आऱ्यांसारख्या. आता तीनच उरल्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर जी. बी. पंत रुग्णालय उभं आहे (डॉक्टरांनी मोठं रुग्णालय म्हटलं ते हेच). बांधणीतली खोच आवारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही: एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. शेकडो माणसं एकाच आवारात, आणि एकालाही दुसऱ्याचा चेहरा दिसायचा नाही. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद, उजेडाला वर एक झरोका. दाराची कडी भिंतीत कोनाडा करून इतकी लांब बसवली आहे की गजांतून हात काढला तरी कुलपाला पोचत नाही. त्या कोनाड्याला हात लावून बघा.

सावरकर ४ जुलै १९११ रोजी तिथे पोचले. त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला. लोक पायताण बाहेर काढून आत जातात. जिने चढावे लागतात, नानांना सावकाश चढू द्या. थोरले बंधू बाबारावही त्याच तुरुंगात होते. नाशिकचे आहात, तेव्हा कलेक्टर जॅक्सनच्या खुनाच्या खटल्यातले वामनराव जोशीही काळ्या पाण्यावर गेले होते, हे नानांना सांगायची गरज नसावी.

पण नुसतं सावरकरांपाशी थांबून परत फिरू नका. मधल्या बुरुजात संगमरवरी पाट्यांवर नावं कोरली आहेत, बंगालची आणि पंजाबची पानंच्या पानं. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने नळीने दूध घालताना महावीर सिंह गेले, त्यांचं नाव वाचा. सासूबाईंना जिने जमणार नाहीत. त्यांना खाली संग्रहालय, फाशीघर आणि तेलाचा घाणा बघता येईल. घाण्यापाशी जरा वेळ थांबावं. खोबऱ्याचं तेल रोज ठरल्या मापाने काढून द्यायचं, नाही तर शिक्षा.

रॉस (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) जेलच्या दुसऱ्या दिवशी बघा. १९४१ च्या भूकंपापर्यंत इंग्रजांची राजधानी तिथे होती. नाचघर, बेकरी, चर्च, सगळ्यांच्या भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी गिळल्या आहेत आणि हरणं फिरतात. जेल आधी आणि मग हे साहेबांचं नाचघर, या क्रमाने बघितलं की दोन्ही नीट कळतं. वयस्कांसाठी बॅटरीवरच्या गाड्या असतात.

सुलेखा७१

काका, सुंदर.

नावांचा घोळ नको म्हणून: हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप (२०१८ पासून), आणि सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम. बुकिंग करताना जुनी-नवी दोन्ही नावं दिसतील, दचकू नका.

तिरकस

पॅकेजचा प्रश्न राहिलाच. माझ्या मेहुण्याला एका टूरवाल्याने 'बीच टच' म्हणून जे हॉटेल दिलं तिथून समुद्र ऐकूसुद्धा येत नव्हता. पोर्ट ब्लेअरच्या टॅक्सीपुरता स्थानिक माणूस धरा, बाकी विमान-बोट-हॉटेल स्वतः करा. रॉकेट सायन्स नाही.

सुलेखा७१

पाच जणांत दोन वयस्क असताना मी तरी धक्क्यावरची ने-आण कुणाकडे तरी देईन. बोट उशिरा सुटली, बदलली, तर फोन करायला एक माणूस हवा. चेन्नई-अंदमान समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून नेटवर्क पुष्कळ सुधारलंय, तरी बेटांवर यूपीआयच्या भरवशावर राहू नका, रोख ठेवा.

निळी_छत्री

सगळ्यांचे प्रतिसाद रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवले. जुना_वाचक काकांचा नानांनी परत वाचायला लावला.

नवा बेत: दोन रात्री पोर्ट ब्लेअर (पहिल्या दिवशी फक्त आराम, दुसऱ्या दिवशी सकाळी जेल, संध्याकाळी शो). दोन रात्री हॅवलॉक: एका सकाळी नवऱ्याचा डाइव्ह, बाकी वेळ राधानगर. दोन रात्री नील. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर, बोट वेळेवर आली तर त्या दुपारी रॉस. बाराटांग, नॉर्थ बे, एलिफंट बीच तिन्ही रद्द. टूरवाल्याला कळवलं, तो म्हणाला 'मॅडम, मग तिथे जाऊन करणार काय?'

आता नवीनच अडचण. नीलला असतानाच कार्तिकी एकादशी येते आहे आणि सासूबाईंचा कडक उपास. तिथे काय मिळेल?

खाडीकाठचा

टूरवाल्याला राधानगरचा फोटो पाठवा.

नीलवर शेती आहे, हॅवलॉकला जाणारी भाजीसुद्धा तिथून जाते. बाजारात केळी, पपई, शहाळी मिळतील. पण लोक बहुतेक बंगाली, पूर्व बंगालातून येऊन वसलेले, त्यांना आपला उपास कळत नाही. 'फराळी' म्हटलंत तर भात आणून ठेवतील. साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप घरून न्या, हॉटेलच्या स्वयंपाकघरात गोड बोलून खिचडी टाकून घ्यायची.

सुलेखा७१

राजगिऱ्याचे लाडूही न्या, बोटीत बरे पडतात. आणि येताना लेकीच्या खिशातले शंख-पोवळ्यांचे तुकडे हॉटेलातच काढून ठेवा. विमानतळावर सामान तपासतात, पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि तिथे रडारड होते.

निळी_छत्री

साबुदाणा लिहून घेतला. मॅक्रूझ की नॉटिका, ते उद्या वेळा बघून ठरवते. बोटीच्या तिकिटाला पाचही जणांची ओळखपत्रं लागतात का? लेकीचं आधार आहे, पण त्यावर ती दोन वर्षांची दिसते.

रानवारा

लागतात, मूळ प्रत जवळ ठेवा. तिकिटावरचं नाव आधारप्रमाणेच टाका, नानांचंही, घरातलं नाव नको. फोटोचं टेन्शन घेऊ नका. तिचा शाळेचा ओळखपत्राचा बिल्ला सोबत घ्या, पुरे.